आकाशात गेलेली मेंढी आणि तिची चित्रपुस्तके



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा डोळ्यांसमोर मोठमोठे विषय उभे राहिले. राजे, लढाया, सनावळ्या. परंतु त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या तासाला पाचवीतल्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि सारे मोठे विषय मागे पडले. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने परदेशातून इंग्रजी चित्रपुस्तकांची एक पेटी पाठविली होती. त्यातले एक पुस्तक हातात धरून ती उभी होती. तिने विचारले, "सर, मेंढी खरंच आकाशात गेली होती का?"

मी म्हणालो, "हो, खरंच गेली होती."

"आणि मधल्या पानांवर जे काय काय झालंय, ते पण खरं?"

येथे मात्र मला थांबावे लागले. ते पुस्तक म्हणजे मार्जरी प्राइसमन या अमेरिकन चित्रकर्तीचे 'हॉट एअर'. २००५ साली ते निघाले आणि पुढच्याच वर्षी त्याला कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बलूनच्या पाटीत बसून आकाशात जातात, त्याची ही हकिगत. सुरुवातीची आणि शेवटची माहिती इतिहासाला धरून आहे. मधल्या पानांवर शब्द जवळजवळ नाहीतच, प्राण्यांची फजिती नुसत्या चित्रांतून दिसते, आणि ती सारी चित्रकर्तीच्या कल्पनेतली आहे. हे ती लपवीत नाही. हा भाग आपल्याला प्राण्यांकडूनच कळला, असा विनोद करून ती मोकळी होते. शिवाय मुखपृष्ठावरच, ही 'बहुतांशी खरी' गोष्ट आहे, असे छापले आहे.

'बहुतांशी खरी'! मोठ्यांना या दोन शब्दांत गंमत वाटते. पण ज्या घरात इंग्रजी पुस्तक पहिल्यांदाच आले आहे, जेथे आई-वडिलांनी छापलेल्या अक्षराला नेहमी मानच दिला आहे, त्या घरातल्या मुलाने यातले किती खरे धरावे? हा प्रश्न क्षुल्लक नाही. म्हणून आज मी तुम्हांला आधी त्या मेंढीची खरी हकिगत सांगतो, आणि मग ही पुस्तके काय सांगतात व काय गाळतात, ते पाहू.

फ्रान्सच्या दक्षिण भागात आनोने नावाचे गाव आहे. गावाजवळ व्हिदालों येथे माँगोल्फिए घराण्याची कागदाची गिरणी होती. वडील पिएर यांना सोळा अपत्ये. त्यांतला बारावा जोसेफ आणि पंधरावा एत्येन. जोसेफ स्वप्नाळू, व्यवहारात कच्चा; एत्येन शिस्तीचा, हिशेबी. १७८२ च्या नोव्हेंबरात जोसेफने आव्हिन्यो शहरात एक हलकी पेटी करून तिच्याखाली कागद पेटविला, आणि ती पेटी वर छताला जाऊन टेकली. दोघा भावांनी मग मोठे आकार करून पाहिले. ४ जून १७८३ रोजी आनोनेच्या चौकात, सर्व लोकांसमक्ष, त्यांनी सुमारे १० मीटर व्यासाचा बलून सोडला. तो सुमारे दहा मिनिटे हवेत राहिला आणि दोनएक किलोमीटरवर जाऊन पडला.

तो कशाचा होता, हे ध्यानात ठेवा, कारण मला पुढे त्याकडे परत यायचे आहे. बाहेरून गोणपाटासारखे जाड कापड, आतून पातळ कागदाच्या तीन थरांचे अस्तर. एवढा मोठा गोळा एका तुकड्यात शिवणे शक्य नव्हते, म्हणून चार भाग वेगळे करून ते एकमेकांना बटणांनी जोडले होते. बटणे होती सुमारे १८००.

ही बातमी पॅरिसला पोहोचली. तेथील विज्ञान अकादमीच्या वर्तुळात साहजिकच खळबळ उडाली. ज्याक शार्ल नावाच्या विद्वानाला वाटले की, माँगोल्फिए बंधूंनी नव्याने ओळख झालेला हायड्रोजन वायू वापरला असावा. हा अंदाज साफ चुकीचा होता, परंतु त्यातूनच दुसऱ्या जातीचा बलून जन्माला आला! शार्लने रॉबेर बंधूंच्या मदतीने रेशमी कापडाला टर्पेंटाईनमध्ये विरघळविलेल्या रबराचे रोगण लावले, लोखंडाच्या चुऱ्यावर गंधकाम्ल ओतून वायू तयार केला, आणि २७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसच्या मैदानातून तो गोळा सोडला. पाऊस पडत होता, तरी गर्दी हटली नाही. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन त्या गर्दीत होते.

पाऊण तासाने हा बलून सुमारे वीस किलोमीटरवरच्या गोनेस गावी पडला. आकाशातून काहीतरी प्रचंड, फुसफुसणारे, दुर्गंधी सोडणारे जनावर उतरले, असे समजून गावकऱ्यांनी काठ्या-दाताळ्यांनी त्याच्या चिंध्या केल्या. बलूनच्या इतिहासात हा प्रसंग हटकून येतो, आणि चित्रकारांचा तर तो फार आवडता. अडाणी खेडूत, वटारलेले डोळे, उगारलेली हत्यारे. मुले हसतात. मला हे हसू थोडे खटकते. त्या गावकऱ्यांना कोणी आधी सांगितले होते काय? असा गोळा आकाशात दिसला तर भिऊ नका, हे जाहीर निवेदन सरकारने काढले ते या प्रसंगानंतर. न सांगता घराच्या छपरावर अशी वस्तू उतरली असती, तर तुम्ही-आम्ही काय केले असते, ते आपापल्या मनाला विचारावे.

आता मेंढी. एत्येन पॅरिसला आला होता. राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांच्यासमोर व्हर्सायच्या राजवाड्याच्या पटांगणात प्रयोग ठरला, तारीख १९ सप्टेंबर १७८३. वरच्या हवेत जीव जगतो की गुदमरतो, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून टोपलीत तीन प्राणी ठेवले. मेंढी, कारण ती माणसासारखी जमिनीवर राहणारी. बदक, कारण त्याला उंच उडण्याची सवय. त्याला काही झाले, तर दोष उंचीचा नसून यंत्राचा, असे कळावे. आणि कोंबडा, पंख असून उंच न उडणारा, म्हणजे दोहोंच्या मधला. विद्यार्थी मित्रांनो, प्रयोग कसा बांधावा याचे याहून सोपे उदाहरण मला तरी माहीत नाही. चित्रपुस्तकात हे तिघे केवळ गमतीसाठी निवडल्यासारखे वाटतात. खरे म्हणजे त्या टोपलीत एक पूर्ण विचार बसला होता.

बलून आठ मिनिटे उडाला आणि सुमारे तीन किलोमीटरवर जंगलात उतरला. तिन्ही प्राणी जिवंत. मात्र कोंबड्याच्या पंखाला इजा झालेली आढळली. झाले, विद्वानांत चर्चा सुरू झाली की, वरच्या हवेचा हा परिणाम असावा काय? तेव्हा काही साक्षीदार पुढे आले. त्यांनी सांगितले की, उड्डाणाच्या निदान अर्धा तास आधीच मेंढीने कोंबड्याला लाथ मारली होती! संपूर्ण हकिगतीत मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. आकाशाचे गूढ म्हणून जे समोर आले, ते पाटीतले भांडण निघाले. असा प्रसंग खरोखर घडलेला असताना चित्रकाराला वेगळी कल्पना लढवावी का लागते, हे मला कळत नाही. पण तो भाग आवडीनिवडीचा.

त्यानंतर माणसाची पाळी. राजाचे म्हणणे होते की, फाशीच्या कैद्यांना पाठवावे. जगले तर माफी. पिलात्र द रोझिए नावाच्या तरुणाला हे मान्य नव्हते. पहिल्यांदा आकाशात जाण्याचा मान गुन्हेगारांना का द्यावा? अखेर २१ नोव्हेंबर १७८३ रोजी तो स्वतः आणि मार्की दार्लांद नावाचा सरदार असे दोघे पॅरिसच्या कडेच्या ला म्युएत येथून निघाले. सुमारे पंचवीस मिनिटांत सीन नदी ओलांडून आठ-नऊ किलोमीटरवर उतरले. दार्लांदने या प्रवासाचा वृत्तान्त लिहून ठेवला आहे आणि तो मोठा मजेदार आहे. सरदारसाहेब खाली दिसणारी नदी आणि गर्दी पाहण्यात रंगून जात. पलीकडून पिलात्र ओरडे की, गवत टाका, नाहीतर आपण नदीतच पडू. कापडाला जागोजाग आगीने भोके पडत होती आणि दोघे ओल्या स्पंजाने ती विझवीत होते. आगीच्या डोक्यावर कागदी अस्तराचा तंबू घेऊन ते शहरावरून चालले होते, हे विसरू नका.

दहाच दिवसांनी, १ डिसेंबरला, शार्ल आणि धाकटा रॉबेर हायड्रोजनच्या बलूनमधून दोन तासांहून अधिक उडाले. मग शार्ल एकटाच पुन्हा वर गेला, सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत. त्या दिवशी मावळलेला सूर्य त्याला वरून पुन्हा दिसला. त्यानंतर तो जन्मात कधी बलूनमध्ये बसला नाही. एत्येननेही मोकळे उड्डाण कधी केले नाही आणि जोसेफने एकदाच केले, जानेवारी १७८४ मध्ये लिऑं शहरी.

येथे विद्यार्थ्यांसाठी थोडे शास्त्र. बलून का चढला? एक घनमीटर साधी हवा २० अंश तापमानाला सुमारे १.२ किलो भरते. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापविली की प्रसरण पावते, आणि एका घनमीटरात सुमारे ०.९५ किलोच उरते. फरक पाव किलोचा. म्हणजे हजार घनमीटरांचा बलून सुमारे अडीचशे किलो वजन उचलील. त्यात कापड, कागद, दोर, माणसे सारे आले. हायड्रोजन तर घनमीटराला ०.०९ किलोच भरतो, म्हणून तो बलून लहान असूनही चालतो. एवढे साधे गणित. पण माँगोल्फिए बंधूंना ते ठाऊक नव्हते! त्यांची समजूत अशी की, धुरात काही विशेष वायू असतो आणि तोच बलूनला वर नेतो. म्हणून ते मुद्दाम ओले गवत आणि लोकर जाळून दाट धूर करीत. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी लवकरच दाखवून दिले की, काम धुराचे नसून उष्णतेचे आहे.

शोध बरोबर, कारण चूक. शार्लचेही तसेच, कारण चूक आणि शोध बरोबर. लहान मुलांच्या पुस्तकांत ही बाजू सहसा पुसट होते. तेथे शोधक म्हटला की त्याला सारे आधीपासून कळलेले असते. परीक्षेत एका चुकीसाठी पाठीवर धपाटा खाणाऱ्या मुलाला, पहिला बलून चुकीच्या समजुतीवर उडाला, हे कळले तर काय बिघडेल? मला वाटते, त्याला बरेच वाटेल.

आता दुसरे एक पुस्तक. मॅथ्यू ओल्शन यांनी लिहिलेले आणि सोफी ब्लॅकॉल यांनी रंगविलेले 'अ व्हॉयेज इन द क्लाउड्स', साल २०१६. याही मुखपृष्ठावर 'बहुतांशी खरी' हेच शब्द आहेत. विषय ७ जानेवारी १७८५ चा. फ्रेंच बलूनवाला झाँ-पिएर ब्लांशार आणि अमेरिकेत जन्मलेले डॉक्टर जॉन जेफ्रीज हे दोघे इंग्लंडच्या डोव्हरहून निघून समुद्र ओलांडून फ्रान्सला उतरले. पुस्तकात दोघांबरोबर कुत्रीही आहेत. प्रत्यक्षात कुत्रे नव्हते. बाकी मात्र प्रसंगच इतका विलक्षण आहे की, मिठाची गरजच पडू नये. पैसा डॉक्टरांचा, आणि कीर्ती एकट्याला हवी ब्लांशारला. डॉक्टरांना खाली ठेवता यावे म्हणून त्याने अंगात शिशाचा पट्टा घातला आणि बलूनला दोघांचे वजन पेलत नाही, असे भासविले. ती चोरी उघडकीस आली. समुद्रावर बलून खाली येऊ लागला, तेव्हा दोघांनी वाळूच्या पिशव्या, वल्ही, नांगर, अखेर अंगातले कपडेसुद्धा फेकून दिले. इतकेच नव्हे, तर वजन कमी व्हावे म्हणून लघुशंकासुद्धा बलूनबाहेर केली, हे डॉक्टरांनी स्वतःच नोंदविले आहे. (पालकांनी हे वाक्य वगळून वाचले तरी चालेल, मुले ते शोधून काढतीलच.)

अशा पुस्तकात भांडखोर माणसे शेवटी मित्र होतात आणि गोष्ट संपते. परंतु इतिहास तेथे थांबला नाही. त्याच वर्षी १५ जूनला पिलात्र द रोझिए, मेंढीनंतर आकाशात गेलेला तोच तरुण, उलट दिशेने समुद्र ओलांडण्यासाठी निघाला. त्याच्या बलूनमध्ये वर हायड्रोजन आणि खाली गरम हवेसाठी विस्तव, असा दुहेरी बेत होता. समुद्रकिनाऱ्याजवळच बलून कोसळला आणि तो व त्याचा साथीदार पिएर रोमें दोघेही मरण पावले. हवाई अपघातातले हे पहिले बळी. तो तेव्हा एकतीस वर्षांचा होता. हे मुलांना सांगावे की नाही? माझे मत, सांगावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मृत्यू माहीत असतो. त्याने कोणाचा तरी जनाजा दारावरून जाताना पाहिलेला असतो.

मुलींसाठी एक वेगळे पुस्तक आहे. मॅथ्यू क्लार्क स्मिथ यांचे, मॅट टवारेस यांच्या चित्रांचे, २०१७ सालचे, सोफी ब्लांशारवर. ही त्या झाँ-पिएर ब्लांशारचीच पत्नी. जमिनीवर भित्री, घोडागाडीत बसायलाही घाबरणारी, आणि आकाशात मात्र निर्धास्त. नवरा वारल्यावर घरावर असलेले कर्ज तिने बलून उडवून फेडले, नेपोलियनच्या समारंभांत उडाली, आणि ६ जुलै १८१९ रोजी पॅरिसमध्ये आतषबाजीसह उडताना बलूनमधील वायूने पेट घेतल्याने छपरावर पडून मरण पावली. चित्रे सुंदर आहेत. परंतु पुस्तकाच्या नावातच तिला पहिली स्त्री वैमानिक म्हटले आहे, तेथे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो. एलिझाबेथ तिब्ल ही स्त्री ४ जून १७८४ रोजी लिऑंहून बलूनमधून गेली होती. तिला प्रवासी म्हणून बाजूला ठेवता येईल. पण झान लाब्रोस १७९८ साली एकटीने बलून घेऊन वर गेली आणि पुढच्या वर्षी पॅराशूटने उतरली. सोफीची एकटीची उड्डाणे त्यानंतरची. उड्डाण हाच पेशा करणारी पहिली, असे म्हटले असते तर वाद नव्हता. 'पहिला' आणि 'पहिली' हे शब्द पुस्तक विकायला बरे पडतात, एवढेच.

हाच नियम आपण आपल्या आवडत्या गोष्टींनाही लावला पाहिजे. बलूनचा विषय निघाला की, कोणीतरी पालक हटकून म्हणतात, "आमच्या अब्बास इब्न फिरनासने हजार वर्षांपूर्वीच उड्डाण केले होते." नवव्या शतकातील कुर्तुब्याचा हा विद्वान खरा होऊन गेला, त्याची बुद्धी असामान्य होती, यात शंका नाही. परंतु त्याची गोष्ट पंखांची आहे, बलूनची नव्हे. आणि तिचा मुख्य आधार म्हणजे अल्-मक्करी यांचा सतराव्या शतकातला ग्रंथ, घटनेनंतर सुमारे साडेसातशे वर्षांनी लिहिलेला. त्याच काळचा म्हणावा असा पुरावा एका दरबारी कवीच्या चिमट्यापुरता आहे. गोष्ट मुलांना जरूर सांगावी. मात्र कोणत्या आधारावर सांगतो आहोत, तेही त्याच दमात सांगावे.

आणि आपल्या मुलांना बलूनच्या इतिहासात आपलासा वाटेल असा माणूस हवाच असेल, तर तो मी सांगतो. १७९८ साली नेपोलियनची फौज इजिप्तमध्ये उतरली. बरोबर विद्वानांचा ताफा होता आणि बलूनची कला जाणणारा कोंते होता. कैरोच्या अजबकिया चौकात फ्रेंचांनी बलून सोडण्याचे जाहीर केले. शहरातले लोक जमले. त्यांत अब्दुर्रहमान अल्-जबर्ती नावाचे आलिम आणि इतिहासकार होते. फ्रेंचांचा दावा असा की, हे हवेतले जहाज असून त्यात बसून दूरदेशी जाता येईल. बलून थोडा चढला, थोडा वाहवला आणि खाली आला. अल्-जबर्तींनी शांतपणे नोंदविले आहे की, दावा खरा ठरला नाही. सणासुदीला आणि लग्नात चाकरमाणसे ज्या पतंगासारख्या वस्तू करून उडवतात, त्यातलाच हा प्रकार. ते घाबरले नाहीत आणि भारावलेही नाहीत.

यावरून कोणाला वाटेल की, हे जुन्या वळणाचे, नव्या विद्येला नाके मुरडणारे गृहस्थ असावेत. तसे मुळीच नव्हते. याच अल्-जबर्तींनी फ्रेंचांनी कैरोत उभारलेल्या ग्रंथालयाचे मन लावून वर्णन केले आहे. तेथे येणाऱ्याचे स्वागत कसे होई, प्राण्यांची, वनस्पतींची, देशोदेशींची चित्रे असलेले ग्रंथ कसे उघडून दाखवीत, याचे त्यांना मोठे कौतुक वाटले. रसायनाचे प्रयोग पाहून ते थक्क झाले. म्हणजे चित्रांचे ग्रंथ आवडले, बलून फसला तो फसला म्हणून लिहिला. कैरोच्या या दिवसाचे चित्रपुस्तक माझ्या पाहण्यात आलेले नाही. तसेच १८८९ सालचे, जेव्हा पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजाने मुंबईत बलूनमधून पॅराशूटने उडी घेतली आणि त्याच वर्षी कलकत्त्यात रामचंद्र चटर्जी नावाचा बंगाली तरुण बलूनने उडाला. १८९२ साली ढाक्याच्या नवाबांच्या निमंत्रणावरून आलेली जीनेट व्हॅन टॅसल ही तरुणी तेथेच अपघातात दगावली. हे सारे प्रसंग चित्रांना आसुसलेले पडून आहेत. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या एखाद्या चित्रकाराने मनावर घेतले तर!

आता पुन्हा बटणांकडे. ही पुस्तके मुलांना राजा दाखवितात, राणी दाखवितात, मेंढी दाखवितात. एक गोष्ट मात्र बहुतेकदा दिसत नाही, ती म्हणजे हे सारे कोणी तयार केले. कागद कोणी केला? व्हिदालोंच्या कारागिरांनी. पहिल्या बलूनच्या दोनच वर्षे आधी, १७८१ साली, त्या गिरणीत मोठा तंटा झाला होता. आपली जुनी संघटना आणि रीतिरिवाज सोडायला तयार नसलेल्या कारागिरांना मालकांनी काढून टाकले आणि नव्या मुलांना काम शिकवून गिरणी चालू ठेवली. पॅरिसचे बलून जेथे तयार झाले, तो कारखाना रेव्हेयाँ यांचा. भिंतींवर चिकटविण्याचा नक्षीदार कागद तेथे होत असे, म्हणूनच त्या बलूनवर सोनेरी सूर्यमुखे आणि राशींची चिन्हे शोभत होती. सहा वर्षांनी, एप्रिल १७८९ मध्ये, मालक मजुरी कमी करा म्हणतो, अशी हूल उठून जमावाने रेव्हेयाँचे घर आणि कारखाना उद्ध्वस्त केला. मोडतोड करणारे सारेच त्याचे कामगार नव्हते. फौजेने गोळ्या घातल्या, बरीच माणसे मेली. अडीच महिन्यांनी बास्तीय पडला. बलूनच्या कागदाला ही बाजूही आहे, आणि ती सोनेरी नाही.

आणखी एक योगायोग. माँगोल्फिए घराण्याची ती गिरणी पुढे जावयाच्या कुटुंबाकडे गेली आणि तिच्यातूनच 'कॅन्सन' हे चित्रकलेच्या कागदाचे नाव पुढे आले. चित्रकलेच्या दुकानात हा कागद आजही मिळतो. बलूनचे चित्र काढायला बसलेल्या एखाद्या मुलाच्या हातात त्याच गिरणीच्या वंशातला कागद असू शकतो.

त्या पाचवीतल्या मुलीला मी हे सारे एका तासात सांगितले नाही. मी तिला फक्त एवढेच म्हणालो की, मेंढी खरी, बाण्यांवर-छपरांवरची फजिती चित्रकर्तीची, आणि सर्वांत पहिल्या बलूनला १८०० बटणे होती. दुसऱ्या दिवशी ती आली ती घाईघाईत. तिचे वडील शिंपीकाम करतात. घरी तिने त्यांना बटणांचे सांगितले, तेव्हा त्यांनी मशीन थांबवून आधी विचारले, "काज हाताचे का मशीनचे?" त्या काळी शिवणयंत्र नव्हते, हे तिने मला विचारून नेले आणि सांगितले. मग त्यांनी हिशेब घातला. जाड कापडावर हाताने एक काज नीट करायला दहा मिनिटे धरली, तर १८०० काजांना तीनशे तास. एकटा माणूस रोज दहा तास बसला, तर महिना. वर बटणे लावायचा वेळ वेगळा.

तो हिशेब तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. खाली तिचे चित्र आहे: एक मोठा गोळा, त्यावर टिंबे टिंबे, आणि गोळ्याच्या पायथ्याशी मांडी घालून बसलेली चार माणसे, हातात सुया. मेंढी कोठे आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, "मेंढी नंतर, सर. अजून शिवून झालं नाही."